गेममधला बाण आणि आपल्या चौथीचा नकाशा



गोष्ट गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातली आहे. दुसरीतल्या एका मुलाला मधल्या सुट्टीत सणकून ताप भरला. वडील ड्रायव्हर, त्यांचा फोन लागेना. आई कुणाच्या तरी रानात खुरपायला गेलेली. शेवटी माझा वर्ग सरांकडे सोपवला, मुलाला स्कूटीवर मागे बसवलं, ओढणीनं स्वतःला बांधून घेतलं आणि निघाले. वस्तीचं नाव मोबाइलवरच्या नकाशात होतं, म्हणून निर्धास्त होते. निळ्या रेघेवरून जात राहिले आणि रेघ संपली तेव्हा पुढे पाटाची चारी होती, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस होता आणि मोबाइलची रेंज गेली होती.

मी विचारलं, "बाळा, तुझं घर कुठल्या बाजूला?"

त्यानं मान वर करून चारी दिशांना पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, ऊस तुटला की आमचं घर दिसतं."

शेरडं राखणाऱ्या एक आजी भेटल्या म्हणून निभावलं. त्या म्हणाल्या, "चारीच्या खालच्या अंगानं जावा. मोटारीचं पहिलं खोपटं सोडायचं, दुसरं धरायचं. तिथनं शेवगा दिसंल, त्याच्या मागं घर." दहा मिनिटांत पोचलो. पोराला औषध मिळालं, दोन दिवसांनी तो शाळेत आलाही. पण माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना. याच मुलाची थोरली बहीण माझ्या चौथीच्या वर्गात होती. पुणे जिल्ह्याच्या आराखड्यात तालुके भरायला दिले तर शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, पुरंदर सगळे अचूक भरायची. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, तुझ्या घरी यायचं तर कसं यायचं, सांग. ती म्हणाली, "सरळ यायचं, मॅडम."

आता तुम्ही म्हणाल, शीर्षकात गेम आणि गोष्ट तापाची. सांगते.

माझं माहेर दौंड तालुक्यात, केडगावच्या बाजूला, आणि नोकरी भीमेच्या अलीकडे शिरूर तालुक्यात. धाकटा भाऊ पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. तो आणि त्याचे दोन मित्र रात्री जागून एक व्हिडिओ गेम बनवतात. गोष्ट अशी की पुढच्या काळात कितीतरी वर्षं पाऊस झालेला नाही, वीज गेली, मोबाइल गेले, गावं ओस पडली. घोडनदीकाठच्या एका मुलीला शिरूरहून निघून दौंडच्या रेल्वे यार्डातून पंपाचा एक भाग आणायचाय. जग मोडून पडल्यानंतरच्या जगात हिंडायचं, माणसं भेटतील त्यांच्याशी बोलायचं, काय करायचं ते आपण ठरवायचं, असे गेम गेली तीसेक वर्षं निघतायत. आपल्याकडचं रान घेऊन कुणी केलेला मी तरी पाहिला नव्हता. दिवाळीत भावानं लॅपटॉप पुढ्यात ठेवला. "ताई, बघ, आपला पारगावचा पूल!"

पूल दिसत होता खरा. पण पडद्याच्या कोपऱ्यात एक गोल चकती होती आणि तिच्यात एक पिवळा बाण. बाण दाखवेल तिकडं ती मुलगी पळायची. बाण ज्या दिशेला, ती दिशा. मी पाच-सात मिनिटांत दौंडला पोचले. वाटेत काय काय लागलं असं त्यानं विचारलं आणि मला पुलाशिवाय काहीही आठवेना. पूलही त्यानं आधी सांगितला होता म्हणून. त्या क्षणी मला ती चारी आठवली. मोबाइलची निळी रेघ आणि हा पिवळा बाण सख्खे भाऊ आहेत.

माझं म्हणणं स्पष्टच मांडते. मुलांच्या हातातल्या गेमवर आपण खूप बोलतो: डोळे जातात, अभ्यास बुडतो, मारामारी शिकतात. ते खरंच आहे. पण वाट दाखवणाऱ्या बाणानं काय होतं, यावर कुणी बोलत नाही. आणि बोललो तर पंचाईत आपलीच आहे, कारण आपला नकाशावाचनाचा पाठही त्या बाणासारखाच आहे. आराखडा आपण देतो, ठिपका आपण देतो, नाव फळ्यावर आपण लिहितो. मूल फक्त बाणामागं जातं आणि आपण 'अध्ययन निष्पत्ती साध्य' असं लिहून मोकळे.

भावाशी त्या रात्री बरंच भांडण झालं. तो म्हणाला, बाण नसेल तर लोक कंटाळून गेम बंद करतात. मी म्हटलं, तू ज्यांचं कौतुक करतोस त्यांनी काय केलं ते दाखव मला. मग त्यानं 1997 सालचा 'फॉलआउट' दाखवला. अमेरिकेत अणुयुद्ध होऊन गेलंय, काही माणसं पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखालच्या निवाऱ्यात राहतायत आणि त्यांच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातली चिप बिघडलीय. ती शोधून आणायला तुम्हाला 150 दिवस. बाहेर पडल्यावर जो नकाशा मिळतो तो जवळपास सगळा काळा. फक्त दुसऱ्या एका निवाऱ्याची जागा कळलेली असते. तिकडं निघालं की वाटेतच एक खेडं लागतं. तिथं माणसं भेटतात, ती आणखी गावांची नावं सांगतात आणि काळा नकाशा तुकड्यातुकड्यानं उजळत जातो. नकाशावर आपण पायी चालत असतो तेव्हा तारीख पुढं सरकत असते. म्हणजे लांबची वाट धरली तर घरच्यांचं पाणी कमी होतं.

मला हे फार आवडलं. कुणी 'इकडं जा' म्हणत नाही. पण जिथं जायचंय त्याच वाटेवर विचारपूस करण्यासारखं गाव ठेवलंय. चांगला शिक्षक प्रश्न असाच ठेवतो ना? (हे गेम मोठ्यांसाठीचे आहेत, रक्तपात भरपूर आहे. चौथीच्या मुलाला देऊ नका. मी रचनेबद्दल बोलतेय.)

दुसरा दाखवला 2010 सालचा, 'फॉलआउट: न्यू व्हेगास'. सुरुवातीच्या गावातून मोठं शहर उत्तरेला आहे हे कळतं. त्या शहरातला एक उंच मनोरा पुष्कळ ठिकाणांहून दिसत राहतो. सरळ उत्तरेला निघावं तर भिंत नाही, कुंपण नाही, पण त्या रस्त्यावर अशी जनावरं आहेत की नवखा माणूस उभा फाडला जातो. म्हणून बहुतेक जण मुकाट्यानं दक्षिणेला उतरून लांबचा वळसा घेतात आणि वळशावरच्या गावांतून सगळी गोष्ट समजत जाते. भाऊ म्हणाला, "बघ ताई, मीही तसंच केलंय. उसात बिबटे सोडलेत."

मी लॅपटॉप मिटला.

शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात लेकरं गेलेली आहेत. आमच्या शाळेतली मुलं दिवस मावळायच्या आत घरी पोचावीत म्हणून आम्ही जादा तास बंद केले. पालक हातात काठी घेऊन घ्यायला येतात. हे पुण्यात बसून विसरायला होतं, त्यात त्याचा फार दोष नाही. पण बिबट्या म्हणजे मारून गुण मिळवायची चीज करून ठेवली तर ज्या घरातलं मूल गेलंय त्या घरात तो गेम उघडता येईल का? मी म्हटलं, बिबट्या दाखवूच नकोस. इथली माणसं जे करतात तेच तुझ्या नायिकेला करायला लाव. उसाच्या कडेची पाणंद दुपारी चालते, तिन्हीसांजेला चालत नाही. उभ्या उसात चालत नाही, तोडणीनंतर चालते. वाट तीच, पण तिला वेळ आहे, हंगाम आहे. तो गप्प झाला आणि वहीत काहीतरी लिहायला लागला. त्याअर्थी पटलं असावं.

उसाचा मुद्दा मला त्या तापाच्या दिवसामुळं सुचला, हे कबूल करते. आपल्या या पट्ट्यात दृश्य वर्षातून एकदा पार बदलतं. पावसाळा संपता संपता भीमाकाठी उभं राहिलं तर पलीकडचा बांध दिसत नाही. तोडणी झाली की तीच जागा उघडी बोडकी होते. साखर कारखान्याचं धुराडं, देवळाचा कळस, पाण्याची टाकी, यवतकडच्या बाजूला असाल तर दक्षिणेचा भुलेश्वराचा डोंगर, सगळं दिसायला लागतं. खुणा जिथल्या तिथंच असतात, दिसायच्या बंद होतात. गेम बनवणाऱ्यांना असा मुलूख फुकट मिळालाय. आणि आपल्याला शाळेच्या भिंतीबाहेर.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका शनिवारी भावाला शाळेत बोलावलं. लॅपटॉप पंख्याशेजारच्या टेबलावर ठेवला, चौथीची मुलं भोवती. आधी बाणासकट खेळायला दिलं. सगळी पटापट दौंडला पोचली, आरडाओरडा, टाळ्या. कुणी काय पाहिलं? कुणीच काही नाही. एक मुलगी मात्र हिरमुसून म्हणाली, "दौंड एवढं जवळ असतं तर माझे पप्पा रोज घरी आले असते." तिचे वडील कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला आहेत, तिकडंच खोली घेऊन राहतात, रविवारी येतात. भावाला हा टोला बरोबर लागला. सगळेच असे गेम मुलूख आकसून लहान करतात, नाहीतर खेळणारा दिवसभर नुसता चालतच राहील. पण अंतर कमी केलं तरी अंतराची किंमत ठेवता येते. 'फॉलआउट'नं तारीख आणि पाणी मोजून ती ठेवली. आता भावाच्या गेममध्ये खांद्यावर एक कॅन आहे आणि मैलामैलाला तो रिता होतो.

मग बाण काढला. पाच मिनिटांत रडारड. "मॅडम, हरवलो." "मॅडम, ह्यात काहीच कळंना." एकजण नदीकाठानं उलटा पुण्याच्या दिशेनं चालत सुटला. माझ्या वर्गात एक मेंढपाळाचा मुलगा आहे. त्यांची मेंढरं दिवाळीनंतर कोकणाच्या बाजूला उतरतात, तेव्हा तो वाड्याबरोबर जातो आणि पटावर त्याच्या नावापुढं गैरहजेरीच्या रेघा पडतात. त्या वेळी अजून निघाले नव्हते. तो मागं उभा राहून बघत होता. त्यानं भावाला विचारलं, "सर, ह्यात सकाळ हाय का संध्याकाळ?"

भाऊ म्हणाला, "म्हणजे?"

"सूर्य हलंना. सावली एकाच जागी हाय. मग कळायचं कसं?"

गेममधला सूर्य त्यानं डोक्यावर खिळा ठोकल्यासारखा बसवला होता. तीन इंजिनियर पोरांच्या लक्षात आलं नाही ते या मुलानं चार मिनिटांत काढलं. आणि नकाशाच्या घटक चाचणीत मी त्याला वीसपैकी सहा गुण दिले होते. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

त्या दिवसानंतर मी त्या मुलाकडून बरंच शिकले. तो वाट सांगतो ती गावांच्या माळेनं सांगत नाही, मुलखानं सांगतो: पाणी कुठं, चारा कुठं, कुठल्या रानाचा मालक बसू देतो, कुठं कुत्री वाईट. याउलट माझे वडील वारीला जातात, त्यांची वाट माळेसारखी. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून जाते. यवतला मुक्काम, वरवंडला मुक्काम, मग पुढं बारामतीकडं. त्यांना नकाशा दिला तर ते उलटा धरतील, पण मुक्काम एकही चुकणार नाहीत. दौंडच्या रेल्वेवाल्यांच्या मुलांची आणखी तिसरीच तऱ्हा. त्यांच्या दिशा म्हणजे पुण्याकडची, सोलापूरकडची, मनमाडकडची. हे सगळे नकाशेच आहेत. आपण मात्र कागदावरच्या एकालाच नकाशा म्हणतो आणि तोही भिंतीवर टांगतो. डी.एड.ला असताना माझ्या पाठात मी विचारलं होतं, उत्तर कुठे? सगळ्या वर्गानं छताकडं बोट केलं. निरीक्षक मॅडम हसल्या आणि मला तेव्हा राग आला होता. चूक मुलांची नव्हती. भिंतीवर उत्तर खरोखरच छताकडं असते.

बरं, 'वर' या शब्दाची गंमत बघा. भीमाकाठच्या माणसाला वर म्हणजे नदी जिकडून येते तो अंग, म्हणजे साधारण पुण्याकडचा. खाली म्हणजे पाणी जातं तो. आजींनी मला 'चारीच्या खालच्या अंगानं' सांगितलं ते याच हिशेबानं. पुस्तकात वर म्हणजे उत्तर. मुलाच्या डोक्यात घरचं 'वर' पक्कं बसलेलं असतं आणि आपण न सांगता त्याच्यावर दुसरं 'वर' ठेवतो. मग ते गोंधळलं की कच्चं ठरवतो. आणि गेममधल्या त्या गोल चकतीनं तिसरंच केलंय. पुष्कळ गेममध्ये आपण वळलो की चकतीतला नकाशाच वळतो, समोर जे असेल ते वर. अशा चकतीत उत्तर दिशेला पक्की जागाच राहत नाही. भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, स्थिर नकाशा ठेवायची सोय देता येते, फक्त कुणी मागत नाही. मी म्हटलं, मी मागतेय.

आम्ही मग नकाशा जमिनीवर उतरवला. शाळेच्या पटांगणात, सूर्य कुठं उगवतो ते बघून, चुन्याच्या भुकटीनं भीमा काढली, घोड काढली, रेल्वेची रेघ मारली. प्रत्येकानं आपल्या घराच्या जागी दगड ठेवला. अट एकच: दगड ठेवण्याआधी शाळेपासून तिथवरची वाट बोलून दाखवायची आणि 'सरळ' हा शब्द वापरायचा नाही. मराठीचा तास इतका रंगलेला मी क्वचितच पाहिलाय. पाणंद, गाडीवाट, पायवाट, शिवरस्ता, चारी, पोटचारी, बांध, ताल, ओढा, वगळ, माळ, खोपटं. घरचे शब्द, जे निबंधात लिहिले तर आपण लाल शाईनं 'रस्ता' करतो. भावाच्या गेममध्ये या सगळ्याला एकच चित्र होतं, राखाडी पट्टा. मुलांचे ते शब्द त्यानं आवाजासकट रेकॉर्ड केले. आता गेममध्ये भेटणारी म्हातारी बाण दाखवत नाही, "वगळ उतरा, पण पाणी असंल तर वरच्या अंगानं या" असं सांगते. खेळणाऱ्यानं लक्ष देऊन ऐकलं नाही तर चुकतो. ऐकण्याचा यापेक्षा चांगला स्वाध्याय मला तरी माहीत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाण सरसकट वाईट म्हणणं मलाही जमलं नाही. माझ्या वर्गात एका मुलीला लांबचं दिसत नाही, चष्मा लावूनही जेमतेम. खुणा बघून वाट काढ असं तिला सांगणं म्हणजे तिला खेळाबाहेर काढणं. तिच्यासाठी भावानं बाण परत ठेवला, पण मागितला तर मिळेल असा, आणि सोबत आवाज: पाण्याचा, रेल्वेचा, देवळातल्या घंटेचा. गंमत म्हणजे आवाजावर वाट काढण्यात ती सगळ्यांच्या पुढं निघाली, बाण तिनं दोनदाच मागितला. ज्याला गरज आहे त्याला आधार द्यावा आणि बाकीच्यांना तो सवय म्हणून लावू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. हे गेमला जितकं लागू, तितकं गाइडला, अपेक्षित प्रश्नसंचाला आणि गृहपाठ करून देणाऱ्या पालकांनाही.

माझ्या आजीनं बहात्तरचा दुष्काळ पाहिलेला. दुष्काळी कामावर खडी फोडायला ती मैलोन्‌मैल चालत जायची. ती वाट सांगायची तेव्हा गावांची नावं क्वचित यायची. कुठल्या विहिरीला पाणी टिकलं होतं, कुणी कळशी भरू दिली, कुणी नाही, अशी ती वाट असायची. भाऊ जगबुडीनंतरचं जग कल्पनेनं उभं करतोय. आजीच्या डोक्यात ते नकाशासकट तयार होतं आणि आम्ही दोघांनीही ते तिच्याकडून कधी उतरवून घेतलं नाही. तुमच्या शाळेच्या गावात अशी माणसं अजून असतील. पोरांना वही देऊन त्यांच्याकडं पाठवा, या उन्हाळ्याच्या आत पाठवा.

तो जपानी गेमही भावानं दाखवला, हिदेओ कोजिमांचा 'डेथ स्ट्रँडिंग', 2019 सालचा. त्यात ओझं पाठीवर घेऊन डोंगर-नद्या ओलांडायच्या. नदी किती खोल ते आधी तपासायचं, तोल सांभाळायचा. आणि पुष्कळ खेळाडू एकाच जागेवरून गेले की तिथं हळूहळू पायवाट उमटते. हे बघून माझ्या वर्गातला एकही मुलगा चकित झाला नाही. "मॅडम, पायवाट तशीच होती की," म्हणाले.

मेंढपाळाचा मुलगा वाड्याबरोबर गेला आणि पावसाच्या तोंडावर परत आला. भाऊ मुद्दाम सुट्टी काढून आला होता, गेममधला सूर्य आता फिरतो हे त्याला दाखवायला. मुलानं लॅपटॉपकडं एकदा बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं.

"सर, ह्यो यवताकडनं उगवतोय. दौंडाकडनं पायजे."

भावानं कपाळावर हात मारला आणि तिथंच बाकावर बसून दुरुस्त करायला घेतलं.